आकाराममामांनी यंत्र कशाला घेतलं

धैर्यशीलला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर फक्त मोटरसायकलवर. एरवी या माणसाचं बूड म्हणून कुठं टेकायचं नाही. चहाच्या गाड्यावर उभ्यानं चहा, जेवताना दर दोन घासांनी उठून कुणाचातरी फोन, आणि नाइलाजानं खुर्चीत बसावंच लागलं तर उजवा पाय असा हलायचा की शेजारच्याला वाटावं, याच्या पायाखाली शिलाई मशीन आहे. मंगळवार पेठेतल्या त्याच्या गल्लीत म्हणायचे, धैर्यशील झोपेतसुद्धा कुठंतरी निघालेला असतो. त्याची बायको मोना म्हणायची, "निघालेला असतो ते खरंच आहे. पोचतो कुठं, ते विचारा की."

छत्तिशीपर्यंत त्यानं विकायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. सिमकार्डं विकली, गाद्या विकल्या, विमा विकला, उसावर फवारायची औषधं विकली. गेल्या दिवाळीपासून तो म्हशीचं दूध काढायची यंत्रं विकत होता. शाहूपुरीत अनेकांत नावाच्या जैन व्यापाऱ्याचं दुकान होतं, त्याच्याकडं या यंत्रांची एजन्सी. अनेकांतशेठ वयानं धैर्यशीलहून लहान, पण बोलायला लागला की वाटायचं, प्रत्येक शब्द आधी गाळून घेतोय. धैर्यशीलला त्याच्यापुढं उभं राहणं म्हणजे शिक्षा वाटायची.

विक्रीच्या कामात मात्र गडी वाघ होता, निदान त्याच्या मते. एजन्सीनं एकदा सगळ्या विक्रेत्यांना एका हॉटेलच्या हॉलमध्ये बसवून पुण्याच्या कोचचं प्रशिक्षण दिलं होतं. कोचनं सांगितलं, माल दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारा, तुमचं दुखणं काय आहे. हे धैर्यशीलला फार आवडलं. त्याच्या पुढचा भाग होता, विचारून झालं की गप्प बसा. तेवढ्या वेळात धैर्यशील फोन घ्यायला बाहेर गेला होता.

त्यामुळं त्याच्या विक्रीची तऱ्हा अशी बनली की प्रश्नही तोच विचारायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. आषाढात राधानगरीच्या अलीकडच्या एका वाडीत त्यानं आकाराममामांना यंत्र विकलं, ते असंच. आकाराममामा साठीकडं झुकलेले, एके काळचे पैलवान, मान अजून बैलासारखी आणि मिशीला पीळ. दारात खाटेवर बसले होते.

"मामा, म्हशीच्या बाबतीत तुमची खरी अडचण काय हाय, सांगा बघू," धैर्यशीलनं विचारलं.

मामांनी तोंड उघडलं. "त्याचं असं हाय पावणं, आमच्या घरातल्या बाईमाणसाला—"

"मजूर मिळत न्हाईत! बरोबर? घरातल्या बाईमाणसावर सगळा भार. अवो, घरोघरी हेच हाय मामा!" आणि त्यानं यंत्राचं झाकण उघडलंसुद्धा.

मामांचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "व्हय. तसंच म्हणा." चहा यायच्या आत सौदा झाला होता. धैर्यशीलनं ही गोष्ट पुढं कितीतरी जणांना रंगवून सांगितली.

भाद्रपद लागला आणि एका सकाळी अनेकांतशेठनं त्याला समोर बोलावलं. "आकाराममामांचा फोन आलता. यंत्र बंद पडलंय. गौरी यायच्या आत चालू करून द्या, नाहीतर घेऊन जावा म्हणाले."

"मोटर गेली असंल. आत्ता जातो."

"गौरीच्या आतच का, म्हणून विचारलं तर गप्प बसले." शेठ थांबला, पाण्याचा घोट घेतला. "तेवढं तुम्ही विचारून या. त्या पट्ट्यात एक यंत्र परत आलं की दुसरं कुणी घेणार नाही, ते तुम्हाला सांगायला नको."

शेठचं बोलणं संपलं तेव्हा धैर्यशील दुकानाच्या पायरीवर पोचला होता.

वाडीत गेला तर मोटर ठणठणीत. यंत्र गोठ्यात खुंटीला टांगलेलं, वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्या कागदावर एक कोंबडी निवांत बसलेली. महिन्याभरात त्याला कुणी हात लावला नव्हता. बनाबाईमामींनी कोंबडी हाकलली आणि म्हणाल्या, "चालतंय की तुमचं यंत्र. रूपीला चालत न्हाय त्याला काय करायचं?"

रूपी म्हणजे त्यांची म्हैस. काळीभोर, भरल्या अंगाची आणि एकाच हाताला लागलेली. रेडकू होती तेव्हापासून बनाबाईंनी वाढवली, पहिल्या वेतापासून त्यांनीच धार काढली. दुसऱ्या कुणी खाली बसलं की ही बया पान्हा चोरायची, म्हणजे कास भरलेली असूनसुद्धा थेंब सोडायची नाही. शेजारच्या झुंबरबाईंनी एकदा प्रयत्न केला, तर लाथ खाऊन त्या आठवडाभर लंगडत होत्या. मुलगा राजवीर पुण्याला नोकरीत. म्हणजे राहिल्या बनाबाई, सकाळ-संध्याकाळ, बारा महिने.

तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. हात शेणाचे होते म्हणून मामींनी कोपरानं बटण दाबलं, आवाज सगळ्या गोठ्याला ऐकू आला. मुलगी निशिगंधा चंदगडहून बोलत होती. "आई, डॉक्टरीणबाईंनी उठू नगं म्हणून सांगितलंय. थोरलं पोरगं कडेवर घे म्हणून रडतंय. ह्यांची नोकरी गोव्यात. सासूबाई असत्या तर तुला हाक मारली नसती गं. कवा येतीस?"

"येतो गं, येतो. रूपीचं कायतरी बघतो आनि निघतोच."

"मागल्या आठवड्यात पण असंच म्हणालीस."

मामींनी फोन बंद केला आणि कुणाकडंच बघितलं नाही. निशिगंधाचं पहिलं बाळंतपण इथं माहेरी झालं होतं. आता दुसऱ्या खेपेला तिला प्रवासाला मनाई होती आणि दिवस गौरीच्या आसपास भरत होते. आत भिंतीला एक फुगलेली पिशवी टांगलेली होती. तिच्यात बाळाची दुपटी, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि मामींच्या दोन साड्या. पिशवी भरून झाली होती, निघणं तेवढं होत नव्हतं.

धैर्यशीलनं हे सगळं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही. त्याचं लक्ष नळीच्या जोडणीकडं होतं. त्यानं यंत्र उतरवलं, पुसलं, चालू केलं. घर्रर्र आवाज झाला, रूपीनं डोळे फिरवले आणि शेपटीचा असा फटका दिला की शेणाची नक्षी थेट त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उमटली. दुधाचा थेंब नाही. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"मोटरचा आवाज हिला नवा हाय मामी. दोन बादल्यांचं मोठं मॉडेल येतंय, त्याला आवाज कमी."

"एका म्हशीला दोन बादल्या?"

"न्हायतर खाली रबरी मॅट टाकू. जनावराला पायाखाली गार लागलं की..."

"पावणं," मामी म्हणाल्या, "आदी तुमचा पाय थांबवा. जनावर तुमच्या पायाकडं बघून बिथारलंय."

आकाराममामा दाराशी उभे होते. ते घसा खाकरून म्हणाले, "कायबी करा पावणं, पर हिला पोरीकडं धाडायला पायजे."

"म्हणून तर म्हणतोय मामा, मोठं मॉडेल!" रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तशातली गत. मामा आत निघून गेले. मामींनी रूपीच्या पाठीवर थाप मारली, खाली बसल्या, आणि लगेच बादलीत धारांचा आवाज सुरू झाला. धैर्यशीलला तो आवाज फार अपमानाचा वाटला.

घरी येऊन त्यानं शर्ट टाकला आणि ताटावर बसून ही सगळी हकीकत मोनाला सांगितली. मोटर कशी चांगली, म्हैस कशी आडमुठी, मामी कशा टोमणे मारतात. मोनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मामांना धार काढता येत नाही का?"

धैर्यशीलचा घास हातात राहिला. एवढा पैलवान गडी, जन्म गोठ्यात गेलेला. याला धार काढता येत नसेल? "म्हैस काढू देत नसंल त्यांना."

"विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. रात्रभर त्याला ते टोचत राहिलं, या कुशीवरून त्या कुशीवर झालं. मोनाची झोपमोड झाली ती वेगळीच. पण प्रश्न सापडला म्हणजे काम झालं, असं समजणारा तो प्राणी. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत पोचला आणि गाडी स्टँडवर लावायच्या आतच, भर अंगणात, मामी आणि झुंबरबाई धान्य निवडत बसलेल्या असताना मोठ्यानं म्हणाला, "मामा, तुमाला धार काढाय येत न्हाय व्हय?"

अंगणात कुणी मेल्यासारखं झालं. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. मामांची मान खालपासून वरपर्यंत लाल झाली. "यंत्र घेऊन जावा तुमचं," एवढंच म्हणून ते गोठ्याकडं गेले.

बनाबाई सूप खाली ठेवून उठल्या. "कुणी सांगितलं हुतं हे इचारायला?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "एक शब्द बोलू नगासा आता त्यास्नी."

घोडं कुठं पेंड खातंय ते इथं आहे, एवढं धैर्यशीलला कळलं. पण काय आहे, ते कळेना. तो मुकाट्यानं गोठ्यात गेला, खुंटीवरचं यंत्र उतरवलं, नळ्या सुट्या केल्या. गाडीला बांधायला बाहेर काढणार तोच पाऊस कोसळला. राधानगरीचा पाऊस तो, समोरचा डोंगर बघता बघता गायब झाला. फोन काढला तर पावसानं रेंज गेलेली. जायला वाट नाही, करायला काम नाही आणि बोलायची तर मनाईच. गोठ्याच्या उंबऱ्यावर आकाराममामा बसले होते, त्यांच्या शेजारी तो टेकला.

असं बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पाय हलायला लागला. रूपीनं मान वळवून बघितलं, तसा त्यानं गुडघ्यावर हात दाबून धरला. जिभेवर चार वाक्यं आली, त्यानं ती गिळली. पावसात काय बोलावं, हवापाण्याचं विचारावं, उसाचं विचारावं, का यंत्राच्या हमीबद्दल पुन्हा सांगावं? काहीतरी बोललो नाही तर आपण फुटू, असं त्याला वाटलं. पण आज आपलं घोडं पुढं दामटायला जागाच नव्हती. गोठ्यासमोरच्या रस्त्यावरून एक बाई डोक्यावर पोतं घेऊन पळाली, मागून दोन शेळ्या. पुन्हा नुसता पाऊस.

मग मामाच बोलले. रस्त्याकडं बघतच.

"येती मला धार. बनीपेक्षा बरी येती."

धैर्यशीलनं गुडघ्यावरचा हात आणखी दाबला.

"हिची आई वारली तवा ही माहेराला गेली. दिवस घालूनच येणार की. हिकडं रूपीनं दोन टायम दूध सोडलं न्हाय. सड दगडागत झालं, जनावर वरडाय लागलं. झुंबरआक्का लाथंच्या भ्यानं बसंना, पर तिनं सांगितलं, बनीचं लुगडं गुंडाळ आनि बस. वास लागतोय न्हवं तिला." मामा थांबले. "बसलो. डोक्यावर पदर घेऊन बसलो. आनि रूपीनं घळाघळा दिलं दूध. कुणालाबी इचारा, लई घरात करत्यात असं. पर आमचा गोठा ह्यो असा, रस्त्याला उघडा. डेअरीला किटली घेऊन जाणारं सगळं गाव धारंच्याच वक्ताला हितनं जातंय. तालमीतल्या विजयसिंहनं बगितलं."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिसापासनं तालमीत मला वहिनी म्हणाय लागली. वहिनी आल्या, वहिनी बसा. हासत्यात म्हणून मी बी हासलो आदी. पर जत्रंच्या फडात पंच म्हणून हुबा ऱ्हायलो, समद्या पंचक्रोशीची मानसं, आनि मागनं कुणीतरी वरडलं, वहिनी, चा टाका. फड हासला पावणं. माज्या हातानं तयार झालेली पोरं हासली. त्या दिसापासनं तालमीची पायरी चढलो न्हाय."

हे सांगताना त्या माणसाचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. धैर्यशीलनं मान खाली घातली.

"आनि मामी?"

"ती काय बोलली न्हाय. पर तवापासनं ती एक रात बी कुटं ऱ्हायली न्हाय. सख्ख्या भावाच्या पोराचं लगीन, त्यातनंबी सांजच्या धारंला माघारी. लोकास्नी सांगती, रूपी ऱ्हात न्हाय माज्याबिगर. माजी लाज राखत्या, मला काय कळत न्हाय? आता पोरगी तिकडं आडवी पडलीया, हिचा जीव वर-खाली हुतोय, आनि मला म्हणत न्हाय की, अवो, लुगडं नेसा. मी बी म्हणत न्हाय की नेसतो. तेवढ्यात तुमी आलासा यंत्र घेऊन. म्हटलं, बेस झालं, लुगडं नगं आनि काय नगं. तुमी इचारलासा अडचण काय. सांगाय तोंड उघडलं, तर तुमीच म्हणलासा मजूर."

धैर्यशीलला कानाखाली बसल्यासारखं झालं. ज्या सौद्याची फुशारकी आपण जिल्हाभर मारली, तो हा. त्याला मामांची कीव आली, मामींची आली आणि स्वतःची तर चीडच आली. तोंडात आलंच होतं, 'मामा, त्यात लाजायचं काय?' हे वाक्य बाहेर पडलं असतं, तर मामा उठून गेले असते आणि पुन्हा कधी बोलले नसते. ते त्यानं कसं गिळलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

पाऊस जरा ओसरला. संध्याकाळ व्हायला आली होती. एक माणूस किटली हलवत रस्त्यानं गेला आणि जाता जाता त्यानं सवयीनं गोठ्यात डोकावून बघितलं. धैर्यशीलनं ते बघितलं.

"मामा, एक इचारू का? लाज लुगड्याची वाटती का ह्या रस्त्याची?"

मामांनी बराच वेळ विचार केला. या खेपेला धैर्यशीलनं उत्तराला हात घातला नाही. शेवटी मामा म्हणाले, "लुगड्याची कसली लाज? आईचं लुगडं पांघरूनच थोरलं झालो. हासत्यात त्याची लाज."

धैर्यशील उठला. आता त्याला कुणी धरून ठेवलं असतं तरी तो थांबला नसता. गाडीला किक मारून तो राधानगरीच्या बाजारात गेला. तिथं रेंज आली, म्हणून आधी शेठला फोन केला. "शेठ, आकाराममामांचं यंत्र माघारी आणतोय."

मग शेठनं विचारलं, "त्यांना पाहिजे काय होतं मग?"

"ताडपत्री."

"ती आपण ठेवत नाही," शेठ म्हणाला. "बरी जाड बघून घ्या."

दिवे लागायच्या आत धैर्यशीलनं निळी ताडपत्री आणि चार वासे आणून गोठ्याची रस्त्याकडची बाजू खालपासून आढ्यापर्यंत बंद केली. मामांनी वासे धरले, यानं सुतळी ओढली. मामी बाहेर आल्या. "हे आनि काय?"

"झड आत येतीया मामी, म्हैस भिजत्या," धैर्यशील म्हणाला.

मामींनी ताडपत्रीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. मामा दोरीच्या गाठीत काहीतरी शोधत होते. मामी आत गेल्या आणि अंगावरची साडी बदलून आल्या. सोडलेली साडी, न धुता, घडी करून त्यांनी गव्हाणीच्या कडेला ठेवली. झुंबरबाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांना मामींनी हाताला धरून चुलीकडं नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढून बनाबाई गारगोटीच्या एसटीत बसल्या. पुढं आजऱ्याला गाडी बदलून चंदगड. निघताना मांडीवरच्या पिशवीला दोन्ही हातांनी गच्च धरून त्या खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "रूपीला न्हाय जमलं तर रातीचीच निघतो मी माघारी." एसटी हलली तरी त्या मागं वळून बघत होत्या.

धैर्यशीलनं रात्रीचा मुक्काम मामांकडंच केला होता. आता त्याचं तिथं काही काम नव्हतं. यंत्र गाडीला बांधून झालं होतं. पण त्याचा पाय निघेना. रूपीनं दूध दिलं नाही तर बाई रातोरात परत येईल, मुलगी तिकडं एकटी पडेल, आणि मामा काळजावर दगड ठेवून साडी नेसतील तेही फुकट जाईल. संध्याकाळपर्यंत तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. धारेची वेळ झाली तसे मामा ताडपत्रीच्या आत गेले आणि धैर्यशील बाहेर रस्त्यावर पहाऱ्याला उभा राहिला.

आणि यायचं तेच संकट आलं. किटली घेऊन विजयसिंह. पोट सुटलेला, पण चाल अजून आखाड्यातली. "काय पावणं, आज गोठ्याला पडदा? आत बाळंतीण हाय का काय?" असं म्हणून त्यानं ताडपत्रीच्या कडेला हात घातला.

"दादा, बरं भेटलासा!" धैर्यशीलनं त्याचा तोच हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्याच घरी येणार हुतो. म्हशी किती? तीन? मग तुमाला दोन बादल्यांचंच मॉडेल लागतंय. हे बघा, ही नळी, ही मोटर, हमी पुरी, दुरुस्तीला मी सवता येणार, उन न्हाय पाऊस न्हाय. आत्ताच जाऊया का तुमच्या गोठ्यावर? वैनींना पण दाखवतो." तोंडाचा पट्टा असा सुटला की विजयसिंह हात सोडवून घ्यायच्या मागं लागला. "उद्या बघू, उद्या, डेअरी बंद हुईल," म्हणत तो जवळजवळ पळालाच. जाताना एकदासुद्धा मागं बघितलं नाही त्यानं.

धैर्यशीलनं ताडपत्रीला कान लावला. आत मामा हलक्या आवाजात म्हशीशी काहीतरी बोलत होते. मग काहीच ऐकू येईना. नाही देत, नाही देत, असं त्याच्या डोक्यात घणघणायला लागलं. आणि मग पत्र्याच्या बादलीत पहिली धार वाजली, पाठोपाठ दुसरी. मग जी लागली ती लागलीच, बादली भरत येईल तसा आवाज जड होत गेला.

मामा बाहेर आले तेव्हा अंगात नेहमीची बंडी होती आणि साडी आत गव्हाणीवर घडी करून ठेवलेली. बादली काठोकाठ, वर फेसाचा डोंगर. मामांचा चेहरा असा फुलला होता की साठीतला माणूस तो वाटेना. दोघंही उंबऱ्यावर बसले आणि एकमेकांकडं बघून उगाचच हसले.

कोनाड्यातला फोन वाजला. मामांनी बटण दाबलं. बनाबाईंचा आवाज. पोचल्या होत्या, निशिगंधाला आधी भरवलं होतं, थोरलं पोरगं कमरेला चिकटलं होतं. सगळं भराभर सांगून झालं आणि मग आवाज एकदम खाली आला.

"रूपीनं... दिलं का वो?"

धैर्यशीलच्या अंगात वारंच शिरलं. सांगायला तो अर्धा उठला, 'बादली भरली की मामी!' ओठांवर आलंसुद्धा. तेवढ्यात मामांचा जाडजूड पंजा त्याच्या गुडघ्यावर पडला आणि त्यानं त्याला खाली बसवलं.

फोनमध्ये मामी वाट बघत होत्या. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्यात काळजी होती, ती तर होतीच. पण आणखीही काहीतरी होतं, आणि ते धैर्यशीलला त्या क्षणापर्यंत दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं या बाईनं सगळ्या गावाला सांगितलं होतं, रूपी माझ्याबिगर राहत नाही.

"दिलं," आकाराममामा म्हणाले. "पर चोरलं गं. निम्म्यावरच भागवलं. मान फिरवून सारखी दाराकडं बघत हुती."

"व्हय?" पलीकडचा आवाज भरून आला आणि त्याच दमात चढलाही. "मला ठावंच हुतं! कशी दील? तिला आदी पेंड दाखवायची, मग पाठीवर दोन थापा, मग खाली बसायचं. तुमी एकदम बसला असणार!"

"एकदमच बसलो."

"बगा! मी निघू का मग?"

"तू पोरीचं सगळं नीट उरकल्याबिगर यायचं न्हाय. निम्म्यावर भागवतो मी. डेअरीवाला काय फाशी देत न्हाय."

"सकाळी सांगितलं तसं करा. आनि रोज सांजचं मला फोन करायचा. किती दिलं ते खरं खरं सांगायचं, माज्या जिवाला घोर लागू नये म्हणून खोटं बोलायचं न्हाय. आईकलासा?"

"खरंच सांगतोय की," आकाराममामा म्हणाले, आणि बादलीवरून उतू चाललेला फेस त्यांनी हातानं अलगद निपटला.